आधी निकाल, मग सुनावणी

काही वर्षांपूर्वी, निवडणूक तोंडावर आलेली असताना, मी आणि माझी थोरली बहीण दोन उमेदवारांची समोरासमोर झालेली चर्चा दूरचित्रवाणीवर पाहत बसलो होतो. माझे मत ज्यांना जाणार हे आधीच ठरलेले होते, त्या उमेदवारांना सूत्रसंचालकाने एक अवघड प्रश्न विचारला. पूर्वी ज्या करप्रस्तावाची त्यांनी जाहीर बाजू घेतली होती, त्याच प्रस्तावाला आता ते विरोध का करीत आहेत, असा तो प्रश्न होता. ते थांबले. समोरचा पाण्याचा पेला त्यांनी थोडा बाजूला सरकवला, कागदाकडे एकवार पाहिले आणि मग बोलायला सुरुवात केली. ‘विचार करून बोलणारा माणूस आहे,’ असे मी ताईला म्हणाले. पुढे वीसेक मिनिटांनी दुसऱ्या उमेदवारांवर तशीच वेळ आली. तेही थांबले, त्यांनीही खाली पाहिले, आणि माझ्या तोंडून लगेच निघाले, ‘बघ, उत्तरच नाही त्यांच्याकडे.’ ताईने वाद घातला नाही. तिने एवढेच विचारले, ‘मघाशी ते थांबले तेव्हा तू म्हणालीस विचार करतायत. मग हे थांबले तर लगेच उत्तर नाही कसं?’

त्या वेळी मी काहीतरी सारवासारव केली. दुसऱ्या दिवशी मात्र राहवले नाही म्हणून त्या चर्चेचे ध्वनिचित्रमुद्रण पुन्हा लावले आणि घड्याळ हातात घेऊन दोन्ही विराम मोजले. माझ्या उमेदवारांचा विराम 6 सेकंदांचा होता, तर दुसऱ्यांचा 4 सेकंदांचा. ज्याला मी निरुत्तर होणे म्हटले होते तो विराम खरे तर अधिक छोटा होता. मला अस्वस्थ केले ते त्या दोन सेकंदांनी नव्हे. मी दोन्ही वेळा अगदी प्रामाणिकपणे बोलले होते, हे मला अधिक लागले. मी कोणाला फसवत नव्हते. एका माणसाच्या गप्प राहण्यात मला विचार दिसला होता आणि दुसऱ्याच्या गप्प राहण्यात पोकळी दिसली होती, आणि दोन्ही गोष्टी मला पडद्यावर घडताना दिसल्या होत्या.

आपण उमेदवाराचे बोलणे ऐकतो, त्याचे काम पाहतो, तोलून पाहतो आणि मग मत बनवतो, अशी आपली स्वतःविषयीची समजूत असते. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा हा क्रम उलटा असतो. निकाल आधी लागलेला असतो, सुनावणी नंतर होते, आणि त्या सुनावणीत साक्षीदार कोणाला बोलवायचे, कोणाची उलटतपासणी घ्यायची आणि कोणाला दोन शब्दांत परत पाठवायचे, हे तो आधीचा निकालच ठरवतो.

‘पूर्वग्रह’ हा शब्द आपण इतक्या वेळा वापरतो की त्याच्या घडणीकडे लक्ष जात नाही. ग्रह म्हणजे धरणे, पकडणे. आग्रह, दुराग्रह, पूर्वग्रह ही सगळी त्याच घरातली भावंडे. एखाद्याविषयी ‘ग्रह करून घेणे’ असा प्रयोग आपण करतो, तेव्हा त्यात ‘करून घेणे’ हे क्रियापद फार नेमके आहे, कारण हा ग्रह आपोआप होत नाही, तो आपण करून घेतो, आणि एकदा मूठ वळली की नवी वस्तू हातात घ्यायला जागा उरत नाही.

त्या प्रसंगानंतर मी एक वही घातली. उमेदवारांविषयी बोलताना माझ्या तोंडी जी विशेषणे येतात ती त्या त्या दिवशी लिहून ठेवायची, एवढाच नियम होता. दोन महिन्यांनी ती वही वाचताना मला जे दिसले ते कोणत्याही प्रयोगशाळेत दिसले असते तितके स्पष्ट होते. मला आवडणारा उमेदवार आपल्या म्हणण्यावर अडून राहिला की मी त्याला ‘ठाम’ लिहिले होते, न आवडणारा अडून राहिला की ‘हेकट’. एकाने मित्रपक्षाशी जुळवून घेतले तर तो ‘मुत्सद्दी’ होता, दुसऱ्याने तेच केले तर ‘संधिसाधू’. एकाचा साधा पोशाख ‘साधेपणा’ होता, दुसऱ्याचा ‘देखावा’. एकाने भूमिका बदलली तेव्हा ‘चूक कबूल करण्याचे धैर्य’ असे चार शब्द मी खर्च केले होते, दुसऱ्याने बदलली तेव्हा ‘कोलांटउडी’ या एकाच शब्दात त्याचा निकाल लावला होता. आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखले आहे. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण आपण शेजाऱ्याच्या मुलाबद्दल वापरतो, पण तिचे खरे बळ राजकारणात कळते. म्हणीतली आई खोटे बोलत नाही. तिला खरोखरच एक बाब्या आणि एक कार्टे दिसत असते.

हे दिसणे किती खोलवर जाते याचा एक जुना अभ्यास आहे, आणि तो निवडणुकीचा नसून खेळाचा असल्यामुळे मला तो अधिक मोलाचा वाटतो. नोव्हेंबर 1951 मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन शिक्षणसंस्थांच्या संघांमध्ये फुटबॉलचा सामना झाला. सामना फार आडदांडपणे खेळला गेला. प्रिन्स्टनच्या नामांकित खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला, आणि नंतर दोन्हीकडच्या वृत्तपत्रांनी एकमेकांवर आरोप केले. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही संस्थांच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना त्याच संघाचे दिसले. फिल्म एक होती आणि काम केवळ मोजण्याचे होते. 1954 साली हा अभ्यास प्रसिद्ध करताना त्या दोघांनी मांडलेला विचार असा होता की ‘एक सामना’ सगळ्यांनी पाहिला आणि त्यावर वेगवेगळी मते दिली, असे झालेच नाही. प्रत्येकाने वेगळाच सामना पाहिला. उमेदवारांची चर्चा संपल्यावर दोन्ही बाजूंचे समर्थक ‘आपणच जिंकलो’ असे म्हणतात, तेव्हा त्यातील एक बाजू लबाडी करीत असते असे आपण मानतो. मला आता तसे वाटत नाही.

पण कल बसतो कशावर? इथे जे आढळते ते मान्य करणे अवघड जाते, कारण आपण ते कारण म्हणून कधीच सांगणार नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील अलेक्झांडर तोदोरोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकी सिनेटच्या निवडणुकांतील विजेता आणि त्याचा प्रमुख प्रतिस्पर्धी यांची छायाचित्रे शेजारीशेजारी ठेवून लोकांना एवढेच विचारले गेले की या दोघांपैकी कोण अधिक सक्षम दिसते. ज्यांना चेहरा ओळखू आला त्यांची उत्तरे बाजूला काढली गेली. पक्ष माहीत नाही, धोरण माहीत नाही, नावही माहीत नाही, आणि तरीही ‘सक्षम’ दिसणारा चेहरा सुमारे 70 टक्के लढतींत प्रत्यक्ष विजेत्याचा निघाला. दोन वर्षांनी याच धर्तीचा आणखी एक प्रयोग झाला, त्यात चेहरे सेकंदाचा केवळ दहावा भाग दाखवले गेले, आणि तेवढ्या वेळात बनलेले मतही योगायोगापेक्षा स्पष्टपणे सरस ठरले.

2009 मध्ये लोझान विद्यापीठातील जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ डाल्गास यांनी तर हा प्रश्न मुलांपुढे ठेवला. स्वित्झर्लंडमधील 5 ते 13 वर्षांच्या मुलांना समुद्रप्रवासाचा एक खेळ खेळायला दिला आणि दोन अनोळखी चेहरे दाखवून विचारले की आपल्या बोटीचा कप्तान म्हणून यांतला कोण चालेल. ते चेहरे 2002 च्या फ्रान्समधील संसदीय निवडणुकीच्या उमेदवारांचे होते. मुलांनी निवडलेला कप्तान साधारण दहापैकी सात वेळा निवडणूक जिंकलेला निघाला, आणि प्रौढांची निवडही जवळपास तशीच होती. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा त्या मुलांपेक्षा प्रौढांचाच विचार माझ्या मनात अधिक रेंगाळला. मधल्या वीसपंचवीस वर्षांत वाचलेली वृत्तपत्रे, ऐकलेली भाषणे, घातलेले वाद यांनी चेहऱ्यावरून माणूस जोखण्याच्या आपल्या सवयीला फारसा धक्का लावलेला नव्हता.

एखादा गुण दिसला की बाकीचे गुण आपण गृहीत धरतो, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 सालीच दाखवून दिले होते. सैन्यातील अधिकाऱ्यांना हाताखालच्या लोकांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा निरनिराळ्या बाबतींत स्वतंत्रपणे पारख करायला सांगितली, तर ती स्वतंत्र राहतच नसे. उंचापुरा, रुबाबदार माणूस बुद्धिमान आणि सचोटीचाही ठरे. योगायोग असा की त्याच 1920 साली अमेरिकेने वॉरन हार्डिंग यांना मोठ्या मताधिक्याने राष्ट्राध्यक्ष केले. हार्डिंग दिसायला राजबिंडे होते, आणि राष्ट्राध्यक्ष असावा तर असा दिसणारा, असे त्यांच्याबद्दल उघड बोलले जात असे. त्यांच्या कारकिर्दीत तेलसाठ्यांच्या भाडेपट्ट्यांचे प्रकरण घडले, त्यात त्यांचे एक मंत्री पुढे तुरुंगात गेले, आणि इतिहासकारांच्या मूल्यमापनात हार्डिंग यांचे नाव बराच काळ तळाशी राहिले. आवाजाचेही तेच आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मतदानाचे आवाहन करणारे एकच वाक्य आवाजाची पट्टी वरखाली करून ऐकवले, तेव्हा स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही उमेदवारांच्या बाबतीत लोकांनी खालच्या पट्टीतला आवाज पसंत केला. स्त्री उमेदवारांच्या वाट्याला यातून काय येते हे सांगायला नको. मार्गारेट थॅचर यांना आपला आवाज खाली आणण्यासाठी शिक्षण घ्यावे लागले होते. माझ्या वहीतही एका स्त्री उमेदवाराविषयी ‘कर्कश’ हा शब्द दोनदा आला आहे, आणि पुरुषाविषयी एकदाही नाही, जरी त्या काळात मी ऐकलेली सगळ्यात मोठ्या आवाजातली भाषणे पुरुषांचीच होती.

आणि मग आपल्यासारखे असण्याचे आकर्षण. 2004 च्या अमेरिकी निवडणुकीच्या सुमारास जेरेमी बेलेन्सन, शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुश आणि केरी या दोन उमेदवारांच्या छायाचित्रांत मतदाराचा स्वतःचाच चेहरा काही प्रमाणात मिसळला आणि ती छायाचित्रे त्याच मतदाराला दाखवली. मिश्रण जवळपास कोणाच्याच लक्षात आले नाही, पण पक्षाशी पक्की बांधिलकी नसलेल्यांचा कल ज्या उमेदवारात आपला चेहरा मिसळला होता त्याच्याकडे झुकला. ‘हा आपल्यातला वाटतो’ हे वाक्य मी कितीतरी लोकांकडून उमेदवाराच्या बाजूचे भक्कम कारण म्हणून ऐकले आहे आणि स्वतःही उच्चारले आहे. आपल्यातला म्हणजे नेमका कशात, हे विचारायचे मला सुचले नव्हते.

चेहरा, आवाज, जवळीक यांनी पहिला कल दिला, की पुढचे काम कारणे करतात. कारणे आपण शोधतो आणि ती सापडतात, हे मला माहीत होते. पण ती इतक्या सहज सापडत असतील अशी कल्पना नव्हती. 2010 च्या स्वीडनमधील सार्वत्रिक निवडणुकीच्या आधी लुंड विद्यापीठातील लार्स हॉल, पेटर योहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारांना एक प्रश्नावली भरायला दिली. डाव्या आणि उजव्या आघाड्यांमध्ये ज्या मुद्द्यांवर मतभेद होते त्यांवर आपले मत खूण करून नोंदवायचे होते. मतदार खुणा करीत असताना संशोधक गुपचूप दुसरी प्रश्नावली विरुद्ध बाजूला झुकणाऱ्या उत्तरांनी भरत, आणि हातचलाखीने ती उत्तरे मूळ कागदावर बसवत. मग मतदाराला त्याच्याच म्हणून दाखवलेल्या उत्तरांची कारणे विचारली जात. बदललेल्या उत्तरांपैकी फार तर 22 टक्के उत्तरे लोकांच्या लक्षात आली. बाकीच्या ठिकाणी लोकांनी स्वतः कधीच न दिलेल्या मताचे समर्थन केले. 92 टक्के लोकांनी त्या बदललेल्या कागदावरून काढलेला आपला एकूण राजकीय कल मान्य केला, आणि शेवटी 48 टक्के लोक दुसऱ्या आघाडीला मत देण्याचा विचार करायला तयार झाले.

या प्रयोगापाशी मी बराच वेळ थांबले होते. कोणी म्हणेल की याचा अर्थ लोकांना मतेच नसतात. मला तो अर्थ पटत नाही. मला त्यात दिसते ते असे की ‘हे माझे मत आहे’ एवढे कळताच त्याच्या बाजूने कारणे उभी करणारी यंत्रणा आपल्यात सदैव तयार असते आणि मत कुठून आले याची ती चौकशी करीत नाही. त्या चर्चेच्या रात्री माझ्या उमेदवारांनी भूमिका का बदलली याचे जे तीन मुद्द्यांचे समर्थन मी ताईला ऐकवले, ते मी त्याआधी कुठेही वाचलेले नव्हते. ते बोलता बोलता सुचत गेले, आणि सुचत असताना मला ते आठवत आहे असे वाटत होते.

धोरणाचा मजकूर पाहून ठरवू, असे म्हणणाऱ्यांसाठी जेफ्री कोहेन यांचा 2003 सालचा अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना सरकारी मदतयोजनेचा एक उदार आणि एक कडक आराखडा दाखवला. नुसता मजकूर वाचून उदारमतवाद्यांनी उदार आणि पुराणमतवाद्यांनी कडक आराखडा उचलून धरला. पण आपला पक्ष कोणत्या आराखड्याच्या मागे आहे हे सांगितल्यावर मजकुराचे वजन जवळपास नाहीसे झाले आणि दोन्ही गट पक्षामागे गेले. आपल्यावर पक्षाचा प्रभाव पडला हे त्यांना मान्य नव्हते. इतरांवर, विशेषतः विरोधकांवर, तो पडेल असे मात्र त्यांना वाटत होते. स्वतःचा पूर्वग्रह सोडून बाकी सगळ्यांचा दिसणे हा आपला इतका सार्वत्रिक दोष आहे की 2002 मध्ये एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस यांनी त्याला डोळ्यातील अंधबिंदूची उपमा देऊन नावच दिले.

शिक्षणाने हे सुधारते अशी माझी दृढ श्रद्धा होती. डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. तोच तक्ता काहींना त्वचेवरील मलमाचा परिणाम म्हणून सांगितला, तर काहींना शस्त्रबंदीचा गुन्ह्यांवरील परिणाम म्हणून. मलमाच्या बाबतीत गणित चांगले असलेल्यांनी योग्य उत्तर काढले. शस्त्रबंदीच्या बाबतीत मात्र उत्तर आपल्या राजकीय बाजूला गैरसोयीचे असले की त्याच हुशार माणसांची चूक वाढली, आणि दोन बाजूंमधले अंतर गणितात कच्च्या असलेल्यांपेक्षा त्यांच्यातच अधिक होते. नंतरच्या काही तपासण्यांत हा शेवटचा परिणाम इतका ठळक दिसलेला नाही, हेही सांगायला हवे. तरीही बुद्धी ही आपोआप न्यायाधीश होत नाही, ती वकीलही होऊ शकते, आणि चांगली बुद्धी चांगला वकील होते, एवढे मला माझ्या आजूबाजूच्या फार वाचलेल्या लोकांवरून आणि स्वतःवरून पटलेले आहे.

इथे एक गोष्ट वेगळी काढणे मला आवश्यक वाटते, कारण हा विषय निघाला की लोक लगेच निष्पक्षपणाच्या नावाने कोणतीच बाजू न घेण्याचा सल्ला देऊ लागतात. कल असणे म्हणजे पूर्वग्रह नव्हे. एखाद्या धोरणामुळे ज्याच्या मुलाचे शिक्षण थांबणार आहे, त्याने त्या धोरणाच्या समर्थकाला मत नाकारणे यात कोणताही दोष नाही. मूल्ये, हितसंबंध, भोगलेले दुःख हे मत बनवण्याचे रास्त आधार आहेत, आणि पक्षाचे नाव हीसुद्धा माहितीच आहे, कारण निवडून आलेला माणूस बहुतेक वेळा पक्षाच्या बाजूनेच हात वर करतो. मला आक्षेप आहे तो झुकत्या मापावर. कोणत्या धान्याला अधिक किंमत द्यायची हे माझे मी ठरवावे, पण दोघांच्या धान्यासाठी माप एकच हवे. खोटे बोलणे मला वाईट वाटत असेल तर ते दोघांच्याही तोंडी वाईट वाटले पाहिजे. ते एकाच्या तोंडी ‘डावपेच’ आणि दुसऱ्याच्या तोंडी ‘फसवणूक’ होत असेल, तर त्याला मूल्य म्हणता येत नाही.

मग यावर काही उपाय चालतो का? ‘निष्पक्ष राहा’ असे स्वतःला बजावल्याने काही होत नाही, हे चार्ल्स लॉर्ड, मार्क लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी 1984 मध्ये दाखवले. त्याआधी 1979 मध्ये लॉर्ड, रॉस आणि लेपर यांनी मृत्युदंडाच्या समर्थकांना आणि विरोधकांना उलटसुलट निष्कर्षांचे तेच दोन अभ्यास वाचायला दिले होते, आणि ते वाचून दोन्ही गट जवळ येण्याऐवजी आपापल्या जागी अधिकच पक्के झाल्याचे त्यांना आढळले होते, कारण गैरसोयीच्या अभ्यासातली प्रत्येक त्रुटी वाचकाने शोधून काढली आणि सोयीच्या अभ्यासाला तसेच सोडून दिले. 1984 च्या प्रयोगात एका गटाला न्यायाधीशासारखे तटस्थपणे वाचा असे सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या गटाला प्रत्येक पायरीवर स्वतःला एक नेमका प्रश्न विचारायला लावले, तो असा की याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष नेमका उलटा आला असता, तर मी याला हेच गुण दिले असते का. या प्रश्नाने फरक पडला. सदिच्छेने जे साधले नाही ते एका ठरावीक कृतीने साधले, ही मला फार दिलासा देणारी गोष्ट वाटते, कारण चारित्र्य बदलायला आयुष्य लागते, पण प्रश्न विचारायची सवय लावता येते.

माणसे अगदीच हलत नाहीत असेही नाही. डेव्हिड रेडलॉस्क आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एका बनावट निवडणुकीत आवडत्या उमेदवाराविषयी हळूहळू प्रतिकूल माहिती दिली. थोडी माहिती आली तेव्हा लोक त्याला अधिकच चिकटले, ती वाढत गेली तसा एक टप्पा आला आणि तिथून पाठिंबा ओसरू लागला. ते पहिले चिकटणे मी ओळखते. आपल्या उमेदवाराविषयी पहिली वाईट बातमी आली की माझ्या मनात त्याच्याबद्दल माया वाढते, जणू कोणी घरच्या माणसावर हात उगारला आहे.

गेल्या निवडणुकीच्या वेळी मी ताईला एक विनंती केली. दोन्ही उमेदवारांच्या मुलाखतींचा छापील मजकूर आमच्याकडे होता. त्यातील दहा उत्तरे तिने निवडावीत, नाव न सांगता मला वाचून दाखवावीत, आणि मी प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: उत्तर कसे वाटले आणि ते कोणाचे असावे. पक्षांची, योजनांची आणि गावांची नावे तिने वाचताना गाळली. ताईचा आवाज सपाट आहे, ती वाचताना कुठेही जोर देत नाही, त्यामुळे विराम, पेला, खाली झुकलेली नजर यांपैकी काहीच माझ्या मदतीला नव्हते. एरवी पाच मिनिटांत ज्यांचा निकाल लावला असता ती उत्तरे लिहायला मला पाऊण तास लागला.

दहापैकी चार उत्तरे मी चुकीच्या माणसाच्या नावे लिहिली होती. त्या चारांपैकी तीन मला आवडलेली होती आणि ती मी माझ्या उमेदवारांच्या खात्यावर जमा केली होती. सरकारी शाळांच्या खर्चाविषयीचे एक उत्तर होते, त्यात पैसे कुठून आणणार हे सरळ सांगितले होते आणि पहिल्या वर्षी काय जमणार नाही हेही सांगितले होते. त्यापुढे मी ‘स्पष्ट, प्रामाणिक’ असा शेरा लिहिला होता. तेच उत्तर मी आठवडाभर आधी दूरचित्रवाणीवर दुसऱ्या उमेदवारांच्या तोंडून ऐकले होते आणि ते अर्ध्यावर असताना उठून आत गेले होते.

मत मी शेवटी ठरवल्याप्रमाणेच दिले, कारण ज्या दोन प्रश्नांना मी सर्वाधिक किंमत देते त्यांवर माझी बाजू बदललेली नव्हती. पण त्या दिवशी ताईने नाव वाचून दाखवले, तेव्हा माझा हात आपोआप त्या ओळीकडे गेला आणि पेन शेऱ्यावर टेकले. ताई काही बोलली नाही, फक्त कागदाकडे पाहत राहिली. मी पेन उचलले आणि शेरा होता तसाच ठेवला.